जुन्या डॉज रॅम पिकअपच्या पुढच्या स्प्रिंगवर दोन इंची स्पेसर बसवताना

अमेरिकेत राहणाऱ्या आणि जुना पिकअप ट्रक हौसेने किंवा गरजेपोटी बाळगणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. यात मी एकाच गाडीविषयी लिहिणार आहे: १९९४ ते २००१ या वर्षांतली डॉज रॅम १५००, चारही चाकांना जोर मिळणारी, म्हणजे फोर बाय फोर. ही गाडी निवडण्याचे कारण असे की तिच्या पुढच्या बाजूला अखंड ॲक्सल आहे, त्या ॲक्सलवर थेट कॉइल स्प्रिंग उभे आहेत आणि घरच्या अंगणात, बऱ्यापैकी हत्यारांनिशी, दोन माणसांना हे काम निभावता येते. इतर गाड्यांवर यातले बरेचसे लागू पडेल, पण सगळे नाही, आणि जिथे लागू पडत नाही तिथेच माणसे जखमी होतात. म्हणून पहिली पायरी गाडी ओळखण्याची आहे.

स्पेसर म्हणजे पॉलियुरेथेनची किंवा ॲल्युमिनियमची जाड कडी. ती स्प्रिंगचे वरचे टोक आणि चासीला असलेली स्प्रिंगची वाटी यांच्या मध्ये बसते. स्प्रिंग तोच राहतो, त्याचा ताठपणा बदलत नाही, फक्त चासी तेवढी वर उचलली जाते. कारखान्यातून निघताना या गाड्यांचे नाक मुद्दाम खाली ठेवलेले असते, म्हणजे मागे माल भरल्यावर गाडी सपाट दिसते. पंचवीस-तीस वर्षांत पुढचे स्प्रिंग आणखी बसतात, आणि ज्या गाडीने बर्फ ढकलायचा नांगर वाहिला असेल तिचे नाक तर जास्तच झुकते. ते समतल करणे एवढाच या कामाचा हेतू आहे. कडी बसवणे हा कामाचा सगळ्यात सोपा भाग असून, चासी वर गेल्यावर ॲक्सलला जोडलेल्या प्रत्येक दांडीचा कोन बदलतो आणि खरे काम ते सांभाळण्याचे आहे.

१. गाडी नक्की कोणती, ते आधी पाहा

गाडीच्या पुढच्या बाजूखाली डोकावून पाहा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत लोखंडी नळीसारखा अखंड ॲक्सल दिसला आणि त्यावर दोन स्प्रिंग उभे दिसले, तर पुढे वाचा.

त्याच वर्षांतली टू-व्हील ड्राइव्ह रॅम वेगळी आहे. तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र त्रिकोणी आर्म आहेत आणि स्प्रिंग त्या आर्मच्या मध्यावर, म्हणजे चाकापासून आत, बसतो. तिथे तरफेचा हिशेब लागतो आणि एक इंचाची कडी गाडीला एक इंचाहून बरीच जास्त उचलते. शिवाय तो स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत अडकलेला असतो. खालचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक यांना जोडणारा गोळ्याचा सांधा, सोडला की तो बाहेर उसळतो. त्या गाडीवर हा लेख पाहून काम करू नका.

२००२ ची रॅम १५०० फोर बाय फोर घेणाऱ्यांचाही गोंधळ होतो. त्या वर्षी १५०० चा पूर्ण आराखडा बदलला आणि पुढे कॉइल स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळल्यावर स्प्रिंगचे काम करणाऱ्या लांब दांड्या, आल्या. तिला पुढे कॉइल स्प्रिंगच नाही, तर कडी कुठे बसवणार? २५०० आणि ३५०० या जड गाड्या मात्र २००२ पर्यंत जुन्याच घडणीच्या होत्या. त्यांचा ॲक्सल बहुतेकदा अधिक जाड असतो आणि डिझेल इंजिनचे वजन बरेच जास्त असते, त्यामुळे कडी घेताना ती नेमकी कोणत्या गाडीसाठी आहे हे वाचून घ्यावे.

२. मोजा आणि मगच ठरवा

सपाट काँक्रीटवर गाडी उभी करा. टायरमध्ये ठरलेला दाब भरा, मागचा हौदा रिकामा करा. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि चारही आकडे लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण त्यात टायरची झीज आणि दाब मिसळतो.

पुढच्या डाव्या आणि उजव्या आकड्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर एक स्प्रिंग तुटलेला किंवा फार बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे. स्प्रिंगचे खालचे टोक, जिथे चिखल आणि मीठ साचते, तिथे टॉर्च मारून तडा आहे का ते बघा. असा स्प्रिंग असेल तर कडी विकत घेऊ नका, नवीन स्प्रिंगची जोडी घ्या. थकलेल्या स्प्रिंगखाली किंवा वर काहीही ठेवले तरी तो थकलेलाच राहतो. याबाबत माझे मत ठाम आहे, कारण दोन्ही पर्यायांत मेहनत जवळजवळ सारखीच पडते.

पुढचे आणि मागचे आकडे ताडून किती उंची हवी ते ठरवा. या गाडीत स्प्रिंग ॲक्सलवर थेट असल्याने दोन इंचाची कडी साधारण दोनच इंच उंची देते. दोन इंचांच्या पुढे केवळ कड्यांच्या भरवशावर जाऊ नये, आणि एकावर एक दोन कड्या तर कधीच रचू नयेत. त्यापुढची उंची हवी असेल तर लांब कंट्रोल आर्म (ॲक्सलला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या दांड्या), वेगळा ट्रॅक बार आणि लांब ब्रेक होज असलेला पूर्ण संच लागतो. तो वेगळ्या लेखाचा आणि वेगळ्या खर्चाचा विषय आहे.

३. झिजलेले सांधे आधी शोधा

ही पायरी वगळून थेट कडी बसवणारे लोक नंतर महिनाभर गाडीतला थरथराट शोधत बसतात, म्हणून इथे थोडा वेळ घालवा.

या गाडीच्या पुढच्या ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारी एक आडवी दांडी आहे, तिला ट्रॅक बार म्हणतात. तिचे एक टोक चासीला डाव्या, म्हणजे चालकाच्या बाजूला आणि दुसरे टोक ॲक्सलला उजव्या बाजूला जोडलेले असते. चासीकडच्या टोकाला बॉल जॉइंट असतो आणि या पिढीच्या रॅममध्ये तो झिजण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. तो ढिला झाला की ताशी ४५-५० मैलांच्या वेगात एखाद्या खड्ड्याचा किंवा पुलाच्या सांध्याचा धक्का लागताच पुढची दोन्ही चाके जोरात थरथरू लागतात आणि वेग बराच उतरल्याशिवाय थांबत नाहीत. अमेरिकेत याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. कडीमुळे हा दोष जन्माला येत नाही, पण कोन बदलल्याने लपलेला ढिलेपणा उघड होतो.

तपासणी सोपी आहे. चाके जमिनीवरच ठेवा, गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला, इंजिन चालू. आत बसलेल्या माणसाने स्टेअरिंग घड्याळातल्या दहाच्या आकड्यापासून दोनच्या आकड्यापर्यंतच्या अंतरात डावी-उजवीकडे झपझप हलवायचे. तुम्ही चाकाच्या बाजूला, गाडीच्या वाटेत न येता, आडवे होऊन ट्रॅक बारच्या चासीकडच्या टोकावर नजर ठेवा. बॉल त्याच्या घरात वर-खाली किंवा आडवा किंचित जरी हललेला दिसला तरी ट्रॅक बार बदलायचा आहे. हाच प्रकार चालू असताना ड्रॅग लिंक आणि टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगचे वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्या, यांच्या टोकांकडेही पाहा. मग गाडी उचलून, टायरखाली पहार घालून चाक वर ढकला आणि बॉल जॉइंट खेळतात का ते बघा. कंट्रोल आर्मच्या टोकांतल्या रबरी बुशांना (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्यांना) आरपार भेगा पडल्या असतील तर तेही बदलावेत.

स्टेअरिंगला नवा डॅम्पर (झटके शोषणारी आडवी नळी) लावून थरथर लपवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतील. ऐकू नका.

४. कागदपत्रे

कामाला हात घालण्यापूर्वी पुढील कागद जवळ असावेत.

– तुमच्या मॉडेल वर्षाचे सर्व्हिस मॅन्युअल. प्रत्येक बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा ठरलेला जोर, त्यातूनच घ्यायचा आहे. मी इथे मुद्दाम आकडे देत नाही, कारण वर्षावर्षाला बोल्टची मापे बदललेली आहेत.
– कडीसोबत आलेले माहितीपत्रक. कडी मूळ रबरी इन्सुलेटरच्या (स्प्रिंग आणि वाटी यांच्या मधल्या रबरी थराच्या) वर ठेवायची की त्याच्या जागी, हे बनावटीनुसार ठरते.
– काम करण्यापूर्वीच्या व्हील अलाइनमेंटचा छापील कागद. यासाठी वेगळे पैसे पडतात, पण नंतर कास्टर (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन) किती घसरला हे सांगायला दुसरा पुरावा नसतो.
– तुमच्या राज्याचे उंचीविषयीचे नियम. काही राज्ये बंपरच्या उंचीवर, काही चासीच्या उंचीवर, तर काही किती उचलली यावर मर्यादा घालतात. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया यांसारख्या राज्यांत वाहनाची नियमित सुरक्षा तपासणी होते, तिथे हे आधी पाहिलेले बरे.
– विमा कंपनीला बदल कळवल्याचा ईमेल किंवा पत्र.

हा लेख महाराष्ट्रात किंवा गोव्यात बसून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात हीच भूमिका उचलून धरली आहे. तेव्हा आरटीओची भाषा समजून घेतल्याशिवाय इथली कृती तिथल्या गाडीवर करू नये.

५. हत्यारे

दोन फ्लोअर जॅक, चासीला टेकवायला दोन भक्कम जॅक स्टँड, मागच्या चाकांना लावायला लाकडी गुटके, सॉकेटचा पूर्ण संच, रिंग पाने, टॉर्क रेंच, लांब पहार, हातोडी, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे तेल, बॉल जॉइंट सोडवण्याचा पुलर, खुणा करायला पांढरा रंग किंवा पेंट मार्कर, नव्या कॉटर पिना (नट सुटू नये म्हणून घालायच्या दुपेडी पिना), डोळ्यांवर चष्मा. या गाडीत इंची आणि मिलिमीटर अशी दोन्ही मापे एकत्र नांदतात, म्हणून एकाच प्रकारचा संच घेऊन बसू नका. सॉकेट ‘जवळपास’ बसत असेल तर तो चुकीचा आहे.

बॉल जॉइंट सोडवायला दुबेळक्याच्या आकाराचे एक ठोकायचे हत्यार स्वस्तात मिळते. त्याने काम झटपट होते, पण रबरी टोपण हमखास फाटते. सांधा फेकायचा असेल तरच ते वापरा.

मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा बर्फाळ भागातली गाडी असेल तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने नट आणि बोल्ट एकजीव झालेले असतात. कामाच्या आधी तीन-चार संध्याकाळी सगळ्या आट्यांवर ब्रश मारून तेल सोडत राहा. विशेषतः इंजिनच्या खोलीत, शॉक ॲब्झॉर्बरच्या वरच्या घुमटाला धरणारे तीन नट आहेत, त्यांच्याकडे लक्ष द्या. त्यांचे खिळे गंजून मोडले तर कामाचा दिवस तिथेच संपतो.

६. गाडी उचलणे

मागच्या चाकांना पुढून आणि मागून गुटके लावा. पुढच्या चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. गाडी उचलून जॅक स्टँड चासीखाली, कंट्रोल आर्मच्या जोडणीच्या मागे, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर लावा. ॲक्सल खाली सोडायचा असल्याने स्टँड ॲक्सलखाली लावून चालत नाही, आणि चासी इतकी उंच हवी की ॲक्सल पूर्ण लोंबला तरी जमिनीला टेकणार नाही. स्टँडवर टेकल्यावर गाडीला खांद्याने चांगला धक्का देऊन पाहा. डगमगली तर पुन्हा लावा.

आता चाके काढा आणि ॲक्सलच्या दोन्ही टोकांजवळ एकेक जॅक लावा. या गाडीत डिफरन्शियलचा गोळा चालकाच्या बाजूला आहे, मध्यावर नाही, त्यामुळे त्याच्याखाली एकच जॅक लावला तर ॲक्सल एका बाजूला कलंडतो.

७. जोडण्या सोडणे

सोडण्यापूर्वी खुणा करा. खालच्या कंट्रोल आर्मचे ॲक्सलकडचे बोल्ट साधे नसतात. त्यांच्या डोक्याशी आकडे असलेली विकेंद्री चकती असते आणि ती फिरवूनच पुढे कास्टर दुरुस्त करतात. तिच्या जागेवर रंगाची रेघ ओढा. हे बोल्ट काढायचे नाहीत, नट थोडे ढिले करायचे आहेत, म्हणजे ॲक्सल खाली जाताना रबरी बुश पिळले जाणार नाहीत.

शॉक ॲब्झॉर्बर या गाडीत स्प्रिंगच्या पोटातून जातो. आधी इंजिनच्या खोलीत वरचा नट आणि रबरी वॉशर काढा, मग घुमटाचे तीन नट काढून घुमट बाजूला करा, खाली ॲक्सलकडचा बोल्ट काढा आणि शॉक ॲब्झॉर्बर वरून, बॉनेटच्या बाजूने ओढून घ्या. वरचा नट फिरवताना आतली दांडीही फिरू लागली तर तिच्या टोकाला पाना लावून धरावी. दांडीच्या अंगाला पक्कड लावून ओरखडे पाडले तर सील जाते.

त्यानंतर स्वे बारच्या, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या, दोन्ही लिंक सोडा. ट्रॅक बारच्या चासीकडच्या टोकाची कॉटर पिन आणि नट काढून पुलरने बॉल मोकळा करा. ॲक्सल खाली येताना ड्रॅग लिंक ताणली जात असेल तर तीही पिटमन आर्मपासून, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सच्या खालच्या आर्मपासून, सोडा.

आता हाताने चाचपडत या चार गोष्टी शोधा: ब्रेकचे रबरी होज, असल्यास एबीएसची वायर, ॲक्सलमधून हवा सोडणारी नळी, आणि उजव्या बाजूच्या नळकांड्यावर फोर-व्हील ड्राइव्ह जोडणाऱ्या यंत्रणेकडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. ब्रेक होजचा कंस बोल्टने धरलेला असेल तर तो बोल्ट काढून होजला सैलपणा द्या. व्हॅक्यूमच्या नळ्या इतक्या जुन्या झालेल्या असतात की नुसत्या ओढल्या तरी तुटतात, आणि मग पहिल्या बर्फात फोर-व्हील ड्राइव्ह लागत नाही आणि दोष कड्यांवर जातो.

८. स्प्रिंग काढणे

दोन्ही जॅक आळीपाळीने, थोडे थोडे, खाली घ्या. एक जण जॅकवर आणि एक जण ब्रेक होजवर नजर ठेवून. पुढच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (वळता सांधा) त्याच्या टोकाला जाऊन अडकत नाही ना, तेही पाहा. शॉक ॲब्झॉर्बर निघाल्यावर आणि ॲक्सल पुरेसा खाली आल्यावर स्प्रिंग जवळजवळ मोकळा होतो, म्हणून इथे स्प्रिंग दाबायचे यंत्र लागत नाही. भाड्याने मिळणारी ती यंत्रे जड ट्रकच्या स्प्रिंगसाठी अपुरी असतात आणि त्यांचे हुक घसरले तर स्प्रिंग तोफगोळ्यासारखा सुटतो.

तरीही स्प्रिंग मोकळा दिसतो म्हणून वाटी आणि ॲक्सल यांच्या मधे डोके किंवा बोटे घालू नका. एका बाजूला पहार घालून ॲक्सल आणखी थोडा दाबा आणि सोबत्याला स्प्रिंग बाहेर ओढायला सांगा. एका वेळी एकच बाजू करा. दुसऱ्या बाजूचा स्प्रिंग जागेवर राहिला तर ॲक्सल पुढे-मागे फिरत नाही आणि जोडताना कष्ट वाचतात. स्प्रिंगवर डावा-उजवा असे लिहून ठेवा.

९. बंप स्टॉपचा हिशेब

स्प्रिंग हातात असतानाच एक मोजमाप करून घ्या, कारण नंतर ते करता येत नाही. मोठ्या खड्ड्यात ॲक्सल वर उसळतो तेव्हा रबरी बंप स्टॉप त्याला थोपवतो. पूर्वी तिथे जेवढी जागा स्प्रिंगला मिळत होती, त्यातली दोन इंच आता कडीने घेतली. म्हणजे त्याच क्षणी स्प्रिंग दोन इंच जास्त दाबला जाणार. त्याचे वेढे एकमेकांना टेकले तर सगळा धक्का सरळ चासीच्या वाटीवर बसतो.

स्प्रिंगच्या तारेची जाडी मोजा, तिला एकूण वेढ्यांनी गुणा. ही झाली पूर्ण दाबलेल्या स्प्रिंगची उंची. आता शॉक ॲब्झॉर्बर आणि स्प्रिंग नसताना जॅकने ती बाजू बंप स्टॉपला टेकेपर्यंत हळूच उचला आणि ॲक्सलच्या बैठकीपासून वाटीपर्यंतचे अंतर मोजा. त्यातून इन्सुलेटरची आणि कडीची जाडी वजा करा. उरलेली उंची पूर्ण दाबलेल्या उंचीपेक्षा जास्त असायला हवी, आणि तीही निसटती नव्हे, कारण जोराच्या धक्क्यात बंप स्टॉपचे रबरही दबते. नसेल तर बंप स्टॉप आणि चासी यांच्या मध्ये टेकू बसवून तो खाली आणावा लागेल. पुष्कळ संचांत हे टेकू दिलेले असतात आणि पुष्कळ लोक ते खोक्यातच ठेवून देतात.

शॉक ॲब्झॉर्बरचेही असेच, पण उलट दिशेने. जुना शॉक ॲब्झॉर्बर आता नेहमीच दोन इंच जास्त ताणलेला राहणार आणि चाक खड्ड्यात उतरताना त्याची दांडी लवकर संपणार. तुमचे शॉक ॲब्झॉर्बर तसेही जुने झाले असतील तर दोन इंच उंचीसाठीच बनवलेली जोडी या वेळीच घ्या.

१०. कडी बसवणे

वाटीतला गंज आणि चिखल खरवडून काढा. मूळ रबरी इन्सुलेटर फाटला असेल तर बदला. माहितीपत्रकात सांगितलेल्या क्रमाने कडी आणि इन्सुलेटर रचून स्प्रिंगच्या वरच्या टोकावर ठेवा आणि स्प्रिंग आत सरकवा.

स्प्रिंगच्या खालच्या टोकाला जिथे तार संपते, ते टोक ॲक्सलच्या बैठकीतल्या खाचेला जाऊन भिडले पाहिजे. ते खाचेवर चढून बसले तर ती बाजू उंच राहते, आणि पहिल्याच वळणावर ‘टण्ण’ असा आवाज होऊन स्प्रिंग आपली जागा घेतो. ॲक्सल हळूहळू वर घेताना स्प्रिंग हाताने नव्हे तर पहारीने फिरवून टोक खाचेत आणा. कडी वाटीत चपखल, न कलंडता बसली आहे हे टॉर्चने सगळीकडून पाहा. घुमट आणि शॉक ॲब्झॉर्बर वरून परत घाला, नट हाताने चढवा आणि दुसऱ्या बाजूला जा.

११. ट्रॅक बार परत जोडणे

दोन्ही बाजू झाल्यावर चाके लावून गाडी जमिनीवर टेकवा. आता ट्रॅक बारचा बॉल चासीच्या भोकात सरळ जाणार नाही. दांडी तीच, पण ती आता जास्त उतरती झाली, म्हणून तिची आडवी पोच कमी झाली. दोन इंचांच्या उंचीला ही तफावत साधारण पाव इंच पडते आणि ट्रॅक बार जोडल्यावर ॲक्सल तेवढा चालकाच्या बाजूला सरकतो. पाव इंच डोळ्यांना दिसत नाही आणि गाडीलाही त्रास देत नाही. ज्यांना तेही नको असेल त्यांनी लांबी बदलता येणारा ट्रॅक बार घ्यावा, आणि तुमचा जुना बार तपासणीत नापास झाला असेल तर हाच पर्याय शहाणपणाचा आहे.

भोक जुळवायला हातोडी चालवण्याची गरज नाही. ड्रॅग लिंक सोडली असेल तर ती आधी जोडा. आत बसलेल्या माणसाने इंजिन चालू करून स्टेअरिंग अगदी हळू एका बाजूला वळवायचे. टायर जमिनीला धरून असल्याने चासीच आडवी सरकते. बॉल भोकासमोर आला की ‘थांब’ म्हणा, इंजिन बंद करायला लावा आणि मगच खाली हात घाला. नट टॉर्कप्रमाणे आवळून नवी कॉटर पिन घाला. पिनेचे भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळा, मागे कधीही सैल करू नका.

१२. शेवटचे आवळणे

कंट्रोल आर्मचे नट, ट्रॅक बारचा ॲक्सलकडचा बोल्ट आणि जिथे जिथे रबरी बुश आहे तिथले सगळे बोल्ट गाडी आपल्या चाकांवर उभी असतानाच आवळायचे. बुशाचे रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटलेले असते. ॲक्सल लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली टेकल्यावर ते रबर कायमचे पिळलेले राहते, गाडी ताठ चालते आणि वर्षभरात बुश फाटतो. विकेंद्री चकत्या तुमच्या रंगाच्या रेघेवर आणा.

मग गाडी पुन्हा उचलून ॲक्सल लोंबता सोडा आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवा. ब्रेक होज कुठेही ताणलेला, पिळलेला किंवा स्प्रिंगला घासणारा नको. याच वेळी टायर खालच्या कंट्रोल आर्मला घासतो का हेही कळते. उंची वाढली म्हणून लगेच मोठे टायर घालणाऱ्यांची गाठ इथेच पडते, कारण वळणावर टायर मडगार्डला नव्हे तर या आर्मला लागतो.

१३. अलाइनमेंट

काम झाल्यावर स्टेअरिंग वाकडे दिसेल. पिटमन आर्म आणि चाक यांना जोडणारी ड्रॅग लिंक आता जास्त तिरकी झाली आहे, आणि या गाडीत टाय रॉड त्याच ड्रॅग लिंकला येऊन मिळत असल्याने टो, म्हणजे वरून पाहता दोन्ही चाके पुढे किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत तो कोन, तोदेखील बदलतो. त्यामुळे ‘स्टेअरिंग सरळ करून घेतले, झाले काम’ असे म्हणून चालत नाही. गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत हळू आणि जवळच्या रस्त्याने न्या.

दुकानदाराला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: पुढे दोन इंचाच्या कड्या आहेत, कास्टर विकेंद्री चकत्यांनी वाढवून हवा आहे, आणि आधीचा व नंतरचा छापील कागद हवा आहे. कास्टर म्हणजे चाकाचा वळण्याचा अक्ष किती मागे कलला आहे तो कोन. तो कमी झाला की वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि हायवेवर गाडी भटकत राहते. पुष्कळ दुकानांत फक्त टो लावून गाडी परत देतात. कागदावर कास्टरचा आकडा बदललेला नसेल तर पैसे देण्यापूर्वी विचारा. चकत्या शेवटपर्यंत फिरवूनही कास्टर पुरत नसेल, तर तुमची उंची दोन इंचांपेक्षा जास्त झाली आहे किंवा कंट्रोल आर्मचे बुश गेले आहेत. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर कल, या ॲक्सलमध्ये फिरवून बदलता येत नाही. तो मर्यादेबाहेर असेल तर बॉल जॉइंट बघावेत.

१४. दिवे

नाक वर गेले की दिव्यांचा झोतही वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत पडतो. किती, ते काढून पाहा. लांब केबिन आणि आखूड हौद्याच्या रॅममध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर सुमारे १३९ इंच आहे. पुढची बाजू दोन इंच उचलल्यावर जो कल येतो त्याने २५ फुटांवरच्या भिंतीवर झोत सुमारे सव्वाचार इंच वर सरकतो, आणि दिवा स्वतः वर गेला ते दोन इंच वेगळे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून, झोताची वरची कडा आणि दिव्याच्या मध्याची उंची टेपने भिंतीवर नोंदवा. काम झाल्यावर दिव्याच्या मध्याची नवी उंची नोंदवा आणि झोताची कडा तिच्याखाली पूर्वी जेवढी होती तेवढीच येईपर्यंत दिव्यांचे स्क्रू फिरवा.

१५. पहिले शंभर मैल

पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर टॉर्क रेंच पुन्हा हातात घ्या. चाकांचे नट, घुमटाचे तीन नट, शॉक ॲब्झॉर्बरचा खालचा बोल्ट, स्वे बारच्या लिंक आणि ट्रॅक बारची दोन्ही टोके तपासा. पॉलियुरेथेनची कडी या काळात थोडी बसते, तेव्हा चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे आकडे पुन्हा मोजून आधीच्या कागदाशेजारी लिहा. डाव्या-उजव्या बाजूंत नवा फरक दिसला तर अलाइनमेंटवाल्याकडे न जाता आधी स्प्रिंगचे खालचे टोक खाचेत आहे का ते बघा.